परळीहून परळला

परळी आणि परळ या दोन नावांत एका वेलांटीचे अंतर आहे. पहिले बीड जिल्ह्यातील वैजनाथाचे क्षेत्र. दुसरे मुंबईतील एके काळचे गिरण्यांचे आणि आज प्रामुख्याने रुग्णालयांचे ठिकाण. प्रत्यक्षातील अंतर सुमारे पाचशे किलोमीटरांचे. परळीला आगगाडी निजामाच्या राजवटीपासून आहे. खुद्द बीड शहराने मात्र तिच्यासाठी २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत वाट पाहिली. त्यामुळे आजारी मूल घेऊन मुंबईस निघालेली बीडची माणसे पिढ्यान् पिढ्या रात्रीच्या एस. टी. नेच निघत आली आहेत. या लेखात आम्हाला जी हकिगत सांगायची आहे ती याच वाटेवरची आहे. ती रक्ताची आहे, आणि रक्त जिथे जन्मते त्या मज्जेची.

हाडाच्या पोकळीत असणाऱ्या त्या मऊ, लालसर गराला आपण मज्जा म्हणतो. आयुर्वेदाने सप्तधातूंत तिची गणना केली. परंतु रक्त तिथेच तयार होते हे युरोपातील वैद्यकाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उमगले. निरोगी माणसाच्या मज्जेतून दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी रक्तात उतरतात. एकेक पेशी चार महिने जगते आणि मोडते. या अखंड कारखान्याच्या मुळाशी अगदी थोड्या अशा पेशी असतात की ज्यांच्यापासून तांबड्या, पांढऱ्या आणि रक्त गोठवणाऱ्या अशा तिन्ही प्रकारच्या पेशी निपजतात. त्यांनाच मूलपेशी म्हणतात. मूलपेशीच बिघडली किंवा संपली, तर वरून कितीही रक्त चढवले तरी ते फुटक्या रांजणात पाणी ओतण्यासारखे होते.

थॅलेसेमिया हे याचे उदाहरण. भूमध्य समुद्राकाठच्या मुलांत हा विकार प्रथम ओळखला गेला म्हणून ग्रीक भाषेतील समुद्राच्या नावावरून त्याचे नाव पडले. अमेरिकेत डॉ. कूली यांनी १९२५ साली त्याचे वर्णन केले. आपल्या देशात १९३८ साली कलकत्त्यात तो नोंदला गेला. मूल जन्मतः गोजिरे असते. सहा महिने, वर्ष जाते आणि ते पांढुरके पडू लागते, पोट वाढते. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त. चढवलेल्या रक्तातील लोह शरीरात साठत जाते आणि यकृत, हृदय यांना ग्रासते. ते काढण्यासाठी पुन्हा औषधे. ती पूर्वी रात्रभर कातडीखाली सुईने द्यावी लागत. तोंडाने घेण्याचे पहिले औषध जगात सर्वप्रथम परवाना मिळून आपल्या देशात आले, ते १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास, आणि त्याच्या चाचण्यांत मुंबईच्या डॉक्टरांचा वाटा मोठा होता. आई आणि वडील दोघेही या दोषाचे वाहक असतील तरच मुलास हा आजार होतो, आणि तोही दर खेपेस चारांत एक या प्रमाणात. वाहकांना स्वतःला काहीच होत नाही; म्हणून तर घरातील मूल आजारी पडेपर्यंत कोणास पत्ता नसतो.

मराठवाड्यात आणि एकूणच दख्खनमध्ये मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची रीत जुनी आहे. एकाच घराण्यात असा दोष असेल तर तो या रीतीने दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव वाढतो. आमच्या वाचकांस आठवेल की धर्मग्रामात विवाहाच्या चिठ्ठ्या पुकारण्यापूर्वी वधूवरांच्या नात्याची चौकशी होते आणि सख्ख्या चुलत, मामे, आत्ये भावंडांचा विवाह ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार खास परवानगीवाचून होत नाही. त्या नियमामागील कारणे वेगळी आहेत, त्यास वैद्यकाचा नियम म्हणणे चूक ठरेल. पण आमच्या आज्या ज्याला नुसती कटकट म्हणत, तिच्यापोटी काही घरांचे दुःख टळले असेल, असे आमच्या मनात येते. आता मात्र रक्ताची एक साधी तपासणी लग्नाआधी करून घेणे यापेक्षा त्या चौकशीचा अधिक चांगला उपयोग नाही.

बीडची वाट नेहमी मुंबईकडे जात नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि ज्याची ऐपत असे तो मोठ्या दुखण्यासाठी हैदराबादच्या उस्मानिया इस्पितळाकडे जाई. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबादेस (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे १९७४ च्या सुमारास अंबाजोगाईस वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांची पासोडी ज्या गावात आहे, ज्याला निजामी अमलात मोमिनाबाद म्हणत, ज्याच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी मुले शिकवली, त्या गावाला हे महाविद्यालय त्यांच्याच नावाने मिळाले. आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून त्याचा उल्लेख करतात. त्या काळी जिल्ह्याच्या ठिकाणीदेखील अशी संस्था असणे अपूर्वाईचे होते, मग तालुक्याच्या गावी तर बोलायलाच नको. बीडच्या पोरास रक्त चढवण्यासाठी दरवेळी जिल्हा ओलांडावा लागू नये, ही गोष्ट या महाविद्यालयामुळे आणि त्याच्या रक्तपेढीमुळे शक्य झाली. मात्र मज्जा बदलणे ही निराळी गोष्ट. त्यासाठी परळच.

परळचे तरी केवढे नवल! एका मैलाच्या आत रक्ताच्या विद्येचा निम्मा इतिहास तिथे घडला आहे. हाफकिन संस्था ज्या वास्तूत आहे ती पूर्वी इंग्रज गव्हर्नरांचा वाडा होती, आणि त्याही पूर्वी पोर्तुगीज काळात कॅथलिक संन्याशांचा मठ. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी तो ताब्यात घेतला. १८९९ साली प्लेगच्या लसीचे काम तिथे गेले. त्याच संस्थेत १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज बाई आल्या. मुंबईच्या गरोदर स्त्रिया, विशेषतः गरीब वस्त्यांतील, एका विचित्र पंडुरोगाने मरत होत्या. त्यांच्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आणि अपुऱ्या वाढलेल्या असत. लोहाने त्या बऱ्या होत नसत. विल्सबाईंनी त्यांच्या घरात डोकावून त्या काय खातात हे पाहिले, उंदीर-माकडांवर प्रयोग केले आणि १९३१ साली जाहीर केले की यीस्टच्या साध्या अर्काने, विलायतेत पावाला लावून खातात त्या मार्माईटने, हा आजार हटतो. त्यातील तो अज्ञात घटक म्हणजे पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेलेला पदार्थ. आज गावोगावच्या आशाताई गरोदर बाईच्या हाती जी लाल गोळी ठेवतात, तिचा उगम परळच्या त्या जुन्या मठात आहे.

फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार करण्याचे श्रेय ज्या संशोधकांना जाते त्यांत अग्रभागी आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. स्प्रू या विकाराने त्यांचे भाऊ गेले होते. त्याच विकाराला हे औषध लागू पडते. अमेरिकेतील त्यांच्या प्रयोगशाळेने मग फॉलिक ॲसिडचा विरोधी पदार्थही बनवला. तो बोस्टनच्या डॉ. फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना दिला. १९४८ साली त्यांनी सोळा मुलांचा वृत्तान्त छापला. त्यांपैकी दहा जणांचा आजार काही काळ मागे हटला होता. काही काळच. ती मुले पुढे वाचली नाहीत. परंतु रक्ताच्या कर्करोगाला औषधाने धक्का लागतो, हे त्या दिवशी प्रथम दिसले.

विल्सबाईंच्या कामाला ज्या निधीचे साह्य लाभले त्यात लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट होता, आणि त्या नावामागे आमच्या कथेचा गाभा आहे. लेडी मेहरबाई टाटा म्हणजे सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. जमशेटजींची थोरली सून. टेनिस खेळणारी, स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणारी, सदा साडीत वावरणारी. १९३१ च्या जूनमध्ये वेल्समधील एका शुश्रूषागृहात त्या ल्युकेमियाने वारल्या. हिंदुस्थानातील अत्यंत धनवान घरांपैकी एक होते ते. कोहिनूरहून दुपटीने मोठा असा ज्युबिली हिरा त्या घरात होता. पण त्या काळी जगात असा एकही उपाय नव्हता की जो पैशाने घेता आला असता. दोराबजींनी पुढल्याच वर्षी ल्युकेमियाच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावे ट्रस्ट केला, आपली संपत्ती दुसऱ्या ट्रस्टला देऊन टाकली आणि तिच्या कबरीच्या दर्शनास विलायतेकडे जात असता जर्मनीत देह ठेवला. त्यांच्याच ट्रस्टने परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. अणूचे खाते रुग्णालय चालवते याचे पुष्कळांना नवल वाटते. परंतु मज्जारोपणाच्या इतिहासात अणूचे स्थान पाहिले म्हणजे ते नवल राहत नाही.

हिरोशिमा-नागासाकीच्या बाँबमधून जे तत्काळ मेले नाहीत, त्यांतील अनेक जण काही आठवड्यांनी रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग होऊन मेले. किरणांनी त्यांची मज्जा जळाली होती. तेव्हा दुसऱ्याची मज्जा देऊन माणूस वाचेल काय, हा प्रश्न युद्धानंतरच्या संशोधकांनी हाती घेतला. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये युगोस्लाव्हियातील विंचा येथे अणुभट्टीच्या अपघातात सहा जण सापडले. त्यांना पॅरिसला आणले. डॉ. जॉर्ज माते यांनी त्यांतील पाच जणांना पॅरिसकरांची मज्जा दिली. ज्यांनी ती दिली ते त्या तरुणांचे कोणीही नव्हते. त्यांची भाषाही त्यांना येत नव्हती. हाडात सुई घालून मज्जा काढू देणे त्या वेळी काय प्रकार होता, त्यातून आपणांस काय होईल, हे सांगू शकणारे कोणी नव्हते. पाचांतील चार वाचले. शास्त्रज्ञ सांगतात की परकी मज्जा तिथे कायमची रुजली नाही. तिने काही आठवडे निभावून नेले आणि तेवढ्यात त्यांची स्वतःची मज्जा सावरली. आम्हाला वाटते, हे कळल्याने त्या दात्यांचे देणे तसूभरही उणे होत नाही.

मज्जा रुजत का नाही? कारण शरीर आपले-परके जाणते. पेशींवरच्या ज्या खुणांनी ते जाणते त्या पॅरिसच्याच झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये शोधल्या. त्यांना १९८० साली नोबेल मिळाले. या खुणा आईकडून एक आणि बापाकडून एक अशा जोडीने येतात. म्हणून आई किंवा बाप मुलाशी सहसा निम्मेच जुळतात, आणि सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. निसर्गाचा हा हिशोब पाहून आम्ही थक्क होतो: ज्या घरात दर चारांत एक मूल थॅलेसेमियाने आजारी जन्मते, त्याच घरात दर चारांत एक भावंड त्याला तारू शकते. अर्थात दात्याला स्वतःला हा आजार नसावा लागतो, आणि घरात भावंड असावे लागते.

अमेरिकेत डॉ. डोनल टॉमस यांनी १९५७ पासून हे काम चालवले. आरंभीचे रुग्ण जवळजवळ सर्व गेले. १९६० नंतरच्या दशकात पुष्कळांनी हा नाद सोडला. टॉमस यांनी सोडला नाही; त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करीत खुणा जुळवण्याची विद्या पक्की केली आणि सिॲटलला पुन्हा माणसांकडे वळले. १९७७ साली त्यांनी सर्व औषधे थकलेल्या शंभर ल्युकेमियाग्रस्तांचा अहवाल दिला, त्यांपैकी तेरा जण रोगमुक्त जिवंत होते. शंभरांत तेरा! आज हा आकडा वाचून मन खट्टू होते. त्या वेळी जगभरच्या डॉक्टरांनी तो वाचला आणि सिॲटलची वाट धरली. १९९० चे नोबेल टॉमस यांना मिळाले.

त्या वाट धरणाऱ्यांत मुंबईचे डॉ. सुरेश अडवाणी होते. १९४७ च्या ऑगस्टमध्ये कराचीत जन्मलेले मूल, फाळणीत मुंबईला आलेले कुटुंब, आठव्या वर्षी पोलिओ, आणि त्यानंतर आयुष्यभर चाकाची खुर्ची. वैद्यकीय महाविद्यालयाने प्रथम त्यांना अपंगत्वामुळे प्रवेश नाकारला होता. ते चिकटून राहिले, डॉक्टर झाले, टाटा रुग्णालयात आले आणि टॉमस यांच्याकडे मज्जारोपण शिकून परतले. २० मार्च १९८३ रोजी त्यांनी ल्युकेमिया झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातील हे पहिले यशस्वी मज्जारोपण. लेडी मेहरबाई गेल्या त्याला बावन्न वर्षे होत आली होती. ज्या रोगापुढे टाटांची दौलत हरली, त्याच रोगावर त्यांच्या नावाच्या रुग्णालयात एका बहिणीला भावाने जीवदान दिले. राखी पौर्णिमेच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. या कथेला मात्र पाठ्यपुस्तकात अजून जागा मिळालेली नाही. डॉ. अडवाणींना २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

प्रत्यक्ष क्रिया पाहिली तर तिच्यात शस्त्रक्रियेचा थाट काहीच नाही. दात्याला भूल देऊन कमरेच्या मागील हाडातून सुईने मज्जा खेचतात. किंवा, हल्ली बहुधा, चारपाच दिवस इंजेक्शने देऊन मूलपेशी रक्तात उतरवतात आणि यंत्रातून रक्त फिरवून तेवढ्याच वेचून घेतात. दात्याची मज्जा काही आठवड्यांत पूर्ववत भरून येते. रुग्णाला आधी जहाल औषधे देऊन त्याची बिघडलेली मज्जा नष्ट करतात. मग रक्ताच्या बाटलीसारखीच एक पिशवी शिरेतून चढवतात. मूलपेशी आपण होऊन हाडांकडे वाट शोधीत जातात. ती कशी सापडते हा अभ्यासाचा निराळा विषय आहे. खरी परीक्षा त्यानंतर. दोन ते चार आठवडे रुग्णाच्या अंगात जंतूंशी लढणारे काहीच नसते. तो बंद, गाळलेल्या हवेच्या खोलीत असतो, आणि घरची माणसे रोज सकाळी पांढऱ्या पेशींचा आकडा विचारीत बसतात. शून्य, शून्य, शून्य. मग एके दिवशी शंभर. पुढे नवी मज्जाच रुग्णाच्या शरीराला परके मानून त्याची कातडी, आतडी, यकृत यांवर उठते, हाही धोका असतो. या सगळ्यातून कोणी मूल जातेही. हे लपवून नुसता चमत्कार सांगणारे लेख आम्ही वाचले आहेत, आणि ते वाचून आशेने गेलेली घरेही पाहिली आहेत.

थॅलेसेमियासाठी हा उपाय १९८१ च्या डिसेंबरात सिॲटलला आणि इटलीतील पेसारो येथे झाला. पेसारोच्या डॉ. लुकारेल्ली यांनी तो शेकडो मुलांवर करून दाखवला आणि यकृत बिघडण्याआधी, लहान वयात केल्यास तो सर्वांत चांगला साधतो हेही. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. मॅमेन चँडी यांनी १९८६ साली थॅलेसेमियाच्या मुलापासूनच आपले काम सुरू केले. आयडा स्कडर या मिशनरी डॉक्टरीणबाईंनी १९०० साली एका खोलीत उघडलेल्या दवाखान्याचे ते रोपटे. मराठवाड्यातील पुष्कळ घरांनी मुंबईऐवजी काटपाडीचे तिकीट काढले आहे.

औषधे पुढे गेली म्हणजे हा खटाटोप लागत नाही, असेही घडले. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया या आजारावर १९९० नंतरच्या दशकात मज्जारोपण हाच बरे होण्याचा एकमेव मार्ग होता. २००१ साली इमॅटिनिब ही गोळी आली आणि बहुतेकांना तो मार्ग घ्यावाच लागेना. गोळीच्या किमतीवरून आपल्या सर्वोच्च न्यायालयात पेटंटचा खटला गाजला. १ एप्रिल २०१३ च्या निकालाने तिची स्वस्त रूपे देशात कायम राहिली. पण मज्जाच सुकून जाणारा ॲप्लास्टिक पंडुरोग, थॅलेसेमिया, विदर्भ आणि नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल, यांचे मुळातून निर्मूलन करायचे तर अजून रोपणच मुख्य आधार आहे. जनुकांची दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याची अमेरिकेतील किंमत वीस लाख डॉलरांहून अधिक ठेवली गेली. बीडच्या संदर्भात त्याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

मूलपेशी हा शब्द ऐकून आमचे काही वाचक बिचकतात, हे आम्हाला धर्मग्रामातील बैठकांत जाणवले आहे. गर्भाचा नाश करून पेशी काढण्यास ख्रिस्तसभेचा विरोध आहे आणि तो २००८ च्या ‘दिग्निटास पर्सोने’ या शिकवणपत्रात पुन्हा स्पष्ट केला आहे. परंतु त्याच पत्रात प्रौढाच्या शरीरातून, प्रसूतीच्या वेळी नाळेच्या रक्तातून अशा पेशी घेणे योग्य ठरवले आहे. मज्जारोपण हे सर्वस्वी या दुसऱ्या प्रकारात मोडते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘एव्हांजेलियम व्हिते’ या परिपत्रकात योग्य रीतीने केलेल्या अवयवदानाची गणना रोजच्या जीवनातील वीरकृत्यांत केली होती. तेव्हा संकोच असेल तर तो निराळ्या कारणाचा असावा. सुईच्या भीतीचा म्हणा ना. आपल्या देशातील दात्यांच्या नोंदण्या अजून काही लाखांच्या घरातच आहेत, आणि खुणा आपल्याच समाजात जुळण्याचा संभव अधिक असल्याने, ज्या समाजाची नावे नोंदीत नाहीत त्याच्या मुलाला दाता मिळत नाही.

आता बीडकडे परत येऊ. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातील गावे ओस पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, मार्च-एप्रिलपर्यंत फडात. ज्या कोयत्याच्या झोपडीत रक्त लागणारे मूल असते त्याने काय करावे? तीन आठवडे झाले की मूल मलूल होते. साखर कारखान्याच्या गावी रक्तपेढी असेलच असे नाही, असली तर त्या गटाचे रक्त असेलच असे नाही. एक खाडा म्हणजे मजुरी गेली आणि उचल तशीच राहिली. रोपणाचा खर्च कित्येक लाखांचा. २०१७ पासून कोल इंडियाच्या साह्याने केंद्र सरकारची थॅलेसेमिया बालसेवा योजना आहे. तीत निवडक रुग्णालयांत दहा लाखांपर्यंत मदत मिळते, पण सख्खे भावंड जुळणारे असावे लागते आणि मूल लहान असावे लागते. कागद गोळा करता करता मूल मोठे होते.

काही वर्षांपूर्वी गेवराई तालुक्यातील अशाच एका कुटुंबाशी आमचा परिचय झाला. मुलगा सहा वर्षांचा, त्याची बहीण नऊची. तिच्या खुणा पूर्ण जुळल्या होत्या. वडील गप्प होते. आईने आम्हाला बाजूला घेऊन विचारले, “भाऊ, हिच्या कमरेत सुई घातल्यावर ही पुढं कामाला हुईल का? उद्या हिला कुणी करून घेईल का?” आम्ही डॉक्टरांनी सांगितले तेच सांगितले: मज्जा पुन्हा भरते, दुखणे चार दिवसांचे, खूण उरली तर टाचणीच्या टोकाएवढी. तिचे समाधान झाल्यासारखे दिसले नाही. १९८३ सालच्या त्या भावाबद्दल त्याच्या आईने असा प्रश्न विचारला असेल काय, हे आमच्या मनात तेव्हा आले आणि अजून येते. शेवटी निकाल मुलीनेच लावला. कोणी तिला विचारले नव्हते, मोठ्यांची बोलणी ऐकून ती म्हणाली, “त्याला देऊन टाका. मला दर महिन्याला दवाखान्यात बसायचा कंटाळा आलाय.”

मुंबईत त्यांचे सात महिने गेले. रोपणापूर्वीच्या तपासण्यांपर्यंत ते दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेसारख्या आश्रयस्थानांत दिवस काढणाऱ्या शेकडो कुटुंबांपैकी एक होते. कर्करोगाच्या मुलांसाठी २००६ पासून मुंबईत सेंट ज्यूड यांच्या नावाने निवासकेंद्रे आहेत. अशक्य प्रसंगी ज्यांचा धावा करतात त्या संताचे नाव संस्थापकांनी निवडले, यात त्यांनी सर्व काही सांगितले आहे. आमच्या या कुटुंबाचा आजार निराळा, त्यामुळे पुढे त्यांना खोली भाड्याने घ्यावी लागली. त्या वर्षी कोयता लागला नाही. उचल मुकादमाला व्याजासह परत करायची होती. दोन शेळ्या आणि आईचे डोरले गेले. अठराव्या दिवशी आकडा शून्यावरून हलला. मध्ये एकदा कातडीवर चट्टे उठून पुन्हा तीन आठवडे दाखल व्हावे लागले. त्यानंतर मुलाला रक्त लागलेले नाही. साठलेले लोह काढण्याची औषधे मात्र आणखी काही काळ चालली.

गेल्या वर्षी वडिलांचा फोन आला. शाळेच्या आरोग्यपत्रकावर मुलाचा रक्तगट बी लिहिलेला आहे, आणि आता तपासणीत तो ओ निघतो, बहिणीचा. मास्तर म्हणतात पहिली तपासणी चुकली असेल, पुन्हा करून आणा. दाखल्यावर कोणता लिहावा, असे ते विचारीत होते. आम्ही म्हटले, बहिणीचा लिहा, तोच आता त्याचा आहे. पलीकडे मुलगी जवळच असावी. तिचे हसणे फोनवर ऐकू आले.